क्रमांक चार : बसलेली मुलगी

“ही भुवई माझ्या बाबांनी जोडली. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती,” असं माझी मुलगी क्रमांक चारच्या पुतळ्यापुढे उभी राहून एका अनोळखी छत्रीवाल्या गृहस्थांना म्हणाली, तेव्हा मी मागे वाकून बुटाची नाडी बांधत होतो. ती मी बांधतच राहिलो. एक नाडी बांधायला किती वेळ लागावा याला मर्यादा असते, पण शहात्तर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत लोक ती सैल सोडतात. गुडघा धरला असेल, चक्कर आली असेल, नाडी कशी बांधतात हेच विसरला असेल, अशी तीन-चार सन्मान्य कारणं त्यांच्यापाशी तयार असतात. मी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. डोळ्यांपुढे फरशी होती, फरशीच्या भेगेत गवताचं एक बारकं पातं होतं, आणि कानात ते वाक्य होतं. माफी. मी? उभ्या आयुष्यात मी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. बसमध्ये माझा पाय कुणाच्या पायावर पडला तर मी त्याच्या पायाकडे असा बघायचो की तोच ‘सॉरी’ म्हणायचा.

आम्ही होतो ते गाव धड शहर नव्हतं आणि त्याला खेडं म्हटलं असतं तर तिथले लोक रागावले असते. अशा गावांत रस्ते दोन, दवाखाने चार आणि शिल्पं सात असतात, हे मी गेल्या दोन वर्षांत शिकलो आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना मी मनातल्या मनात नकाशाबाई म्हणायला लागलो होतो, हातात घडीचा नकाशा घेऊन वाचनालयाच्या दारात उभ्या राहत आणि येईल त्याला ही सात शिल्पं पायी फिरवून दाखवत. आज आलेली माणसं तीन: मी, माझी मुलगी आणि छत्रीवाले गृहस्थ. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, पण त्यांनी छत्री आणली होती आणि ती ते दाखवायच्या काठीसारखी वापरत. क्रमांक एकच्या सिमेंटच्या माशापाशीच त्यांनी बाईंना विचारलं होतं, “याचा उपयोग काय पण?” बाई म्हणाल्या, “उपयोग असा काही नाही.” “मग झाकून तरी ठेवायचा,” गृहस्थ म्हणाले. मला ते आवडले. चाळीस वर्षं मी ओतकामाच्या कारखान्यात पुतळे घासले, पण हा प्रश्न विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं.

हो, घासले. शिल्पकार म्हटलं की लोक अदबीने उभे राहतात, घासणारा म्हटलं की भांडी पुढे करतात. पण वितळलेलं ब्राँझ साच्यात ओतून पुतळा बाहेर येतो तेव्हा त्याचं रूप देवाने घाईत सोडून दिल्यासारखं असतं. अंगावर फुटकुळ्या, तुकडे जोडल्याच्या शिवणी, साच्याला तडा गेला असेल तर त्या तड्यात धातू शिरून उठलेल्या रेघा. हे सगळं कानशीने, छिन्नीने, काचकागदाने काढून टाकायचं आणि आपण तिथे होतो याचा मागमूस ठेवायचा नाही, हे माझं काम. उत्तम घासणारा तो की ज्याने काय केलं हे कुणालाच दाखवता येऊ नये. नवरा आणि बाप म्हणूनही मी हीच रीत पाळली असं माझी बायको म्हणायची. ती तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर वर्षभर मी घरात बसून भिंतीकडे बघत होतो, तर मुलगी एका रविवारी येऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही आयुष्यभर पुतळे पाठवलेत, एकही उभा बघितला नाहीत. चला, बघून येऊ.” खरंच होतं ते. पुतळे पेंढ्यात गुंडाळून पेटीतून जायचे. घासणारा बरोबर जात नाही, जसा शिंपी लग्नाला जात नाही. मग आम्ही निघालो. दोन-तीन महिन्यांतून एक गाव. बसने जायचं, पायी फिरायचं, कुठल्या तरी बाकावर बसून चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या आत परत. माझे जावई एकदाच आले. पुतळ्याच्या सावलीत गाडी लावता येते एवढं एक त्यांना पटलं. या गावाला मात्र तिने मला आजवर आणलं नव्हतं, आणि मीही विषय काढला नव्हता. आम्ही दोघंही या गावाच्या चारी बाजूंची गावं बघत होतो, दुखऱ्या दाताच्या आजूबाजूने जीभ फिरते तशी.

क्रमांक चार म्हणजे जुन्या न्यायालयासमोरच्या चौकोनात दगडी कट्ट्यावर बसलेली एक मुलगी. वय वीसच्या आसपास. गुडघे जवळ घेतलेले, हात गुडघ्यांवर सोडलेले, मान किंचित डावीकडे. खांद्यावर कबुतरांचं येणंजाणं दिसत होतं. गृहस्थांनी छत्रीने तिच्याभोवती एक वर्तुळ काढलं आणि म्हणाले, “हिच्या हातात काही नाही. डोक्यावर काही नाही. नुसतीच बसलीय?”

“नुसतीच,” माझी मुलगी म्हणाली. “पाय इतके बधिर व्हायचे की उठताना धरायला लागायचं. मीच आहे ती.”

गृहस्थांनी पुतळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “छे! तुमच्या भुवईला तर…” आणि सभ्य माणूस असल्यामुळे तिथेच थांबले. तेव्हा माझी नाडी सुटली होती म्हणून मी वाकलो, आणि तेव्हाच ती ते वाक्य म्हणाली.

“काय सांगता!” नकाशाबाईंनी नकाशा छातीशी धरला. “नऊ वर्षं मी इथे ‘कुणीतरी विद्यार्थिनी’ म्हणून सांगतेय! आणि हे तुमचे वडील? यांनी जोडलीय भुवई? अहो, मग उभे राहा ना दोघं, फोटो काढते. बाबा, तुम्ही असे पलीकडे. अजून थोडे. हसा.” मी हसलो. फोटोत आम्ही तिघं असणार: मधे वीस वर्षांची, अलीकडे एक्कावन्न वर्षांची आणि पलीकडे मी. मधलीच्या दोन्ही भुवया धडधाकट. अलीकडचीची डावी भुवई मधोमध तुटलेली, तिथून कपाळावर चढलेला एक उंचवट्याचा वण. फोटो काढताना मी कडेने, चोरून, ब्राँझच्या भुवईकडे बघितलं. जोड कुठे आहे ते मलाही सापडलं नाही. काम उत्तम झालं होतं, हेच त्यातलं वाईट.

क्रमांक पाचकडे जायचा रस्ता बंद पडलेल्या कापड गिरणीच्या भिंतीच्या कडेने होता. मुलगी माझा कोपर धरून चालत होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. कुणाचाही हात धरला की तिचा अंगठा आपोआप कोपराच्या आतल्या बाजूला शीर चाचपायला जातो. माझ्या शर्टावरूनही तो जात होता. माफी मागायची पद्धत. किती सहज म्हणाली. जणू हे वाक्य तिने आधी कितीतरी वेळा म्हटलं असावं, कितीतरी लोकांना, गुळगुळीत होईपर्यंत. आणि मला वाटत होतं की गेली एकतीस वर्षं ती असं समजत असेल की मला तिच्या वणाची लाज वाटली. मुलगी लग्नाची होती, बापाने वण पुसून टाकला, माणसाला न विचारता माणसाची दुरुस्ती केली. ते समजणं मी स्वीकारलं होतं. खरं तर मी त्याच्या आडोशाला राहत होतो. लाज वाटणारा बाप हा काही फार वाईट बाप नव्हे, गल्लीत दर घरी एक सापडतो. पण ती तसं समजतच नव्हती. तिने त्या कानशीच्या कामातून एक भला माणूस घडवला होता, एकतीस वर्षं त्याला जपला होता, आणि आता मी त्याच्या शेजारून चालत होतो आणि तो माझ्यापेक्षा उंच होता.

वण मी दिलेला. ती सहा वर्षांची होती. त्या दिवशी कारखान्यात कुठल्याशा पुतळ्याच्या मनगटावर माझी छिन्नी घसरली होती आणि मुकादमाने सगळ्यांसमोर मला म्हटलं होतं, “तुला भाजी चिरायला ठेवतो.” घरी आलो. ती जमिनीवर बसून रिकाम्या ताटलीवर चमचा वाजवत होती. दिवसभर धातूवर धातू ऐकलेल्या माणसाला तो आवाज कसा लागतो हे सांगता येणार नाही, आणि सांगितलं तरी त्याने काही बदलत नाही. मी ताटली हिसकावली आणि भिंतीवर फेकली. भिंतीवर, तिच्यावर नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यातली भिंत झिजली. भिंतीने ताटली परत केली. ती रडली नाही लगेच. आधी तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, आणि मग एका डोळ्यावर रक्त आलं. डॉक्टरांना आम्ही सांगितलं, पायरीवर पडली. शेजाऱ्यांना सांगितलं, पायरीवर पडली. शाळेत ती स्वतः सांगायची, “पायरीवर पडले.” आमचं घर तळमजल्यावर होतं आणि आमच्या घराला पायरी नव्हती. इतकी माणसं येऊन गेली, चहा पिऊन गेली, पण पायरी कुठाय असं एकानेही विचारलं नाही. लोक चांगले असतात, ते असे.

क्रमांक पाच हे स्टीलचं एक मोठं कडं होतं, बसस्थानकाबाहेर, वाऱ्याने फिरेल अशा बेताने बसवलेलं आणि बसवल्यापासून न फिरलेलं. नकाशाबाई त्यातल्या अवकाशाबद्दल बोलत होत्या. गृहस्थ त्या अवकाशातून छत्री आरपार घालून बघत होते. मी त्यांच्या मागे उभा राहून, बसलेल्या मुलीचं डोकं माझ्याकडे घासायला आलं तो सोमवार बघत होतो. पुतळा एकसंध ओतत नाहीत. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं, मग जोडायचं. शिल्पकार त्या वेळी पोटाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात पडलेले, म्हणून घासकाम बघायला कुणी येणार नव्हतं. डोकं आलं ते साच्याच्या जळक्या मातीने माखलेलं, पेटलेल्या घरातून काढल्यासारखं. पहिला दिवस ते वाळूच्या पोत्यावर उलटं होतं, गळ्याची कड सारखी करायला. दुसऱ्या दिवशी मी ते सरळ केलं, शिकंज्यात धरलं आणि स्टूल घेऊन समोर बसलो. मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस. चेहऱ्याचं काम असं समोर बसूनच करावं लागतं, एका वितीवरून, तिचा श्वास लागेल इतक्या जवळून, अर्थात ती श्वास घेत असती तर. मी तिच्या नाकपुड्यांतली माती टोकरली. ओठांचे कोपरे मोकळे केले. पापण्यांच्या कडा उचलल्या. हनुवटीखालून बोट फिरवून खडबड बघितली. आणि डाव्या भुवईवरची ती उठलेली रेघ बघून मी मनात म्हटलं, साच्याला तडा गेला. नेहमी तिथेच जातो, कपाळाचा फुगवटा वळतो तिथे. कानशीने रेघ काढली. खाली भुवई तुटलेली दिसली तेव्हा वाटलं, साच्याआधी मेणाची प्रत करतात तिच्यावर कुणाचा तरी अंगठा पुसला गेला असणार, निष्काळजी लेकाचे. मग सगळ्यात बारीक छिन्नी घेऊन मी एकेक केस कोरला, अलीकडच्या भुवईचा कल बघून, पलीकडच्या भुवईची दाटी बघून, आणि दोन टोकं अशी मिळवली की मुकादमाने बाकीच्यांना बोलावलं. “या इकडे, बघा. याला म्हणतात हात.” चौदा वर्षांपूर्वी त्यानेच मला भाजी चिरायला पाठवलं होतं. त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेलो. दार मुलीने उघडलं. मी तिच्या हातात जेवणाचा डबा दिला आणि म्हणालो, “आज काम झकास झालं.” ती म्हणाली, “हो? अरे वा.” आणि डबा घेऊन आत गेली.

“बाबा, पाणी?” तिने बाटली पुढे केली. “गप्प का? कडं आवडलं नाही?”

“आवडलं ना. शिवण दिसतेय त्याची, खालच्या बाजूला.”

“तुम्हाला स्वर्गातही शिवण दिसेल.”

“दिसली तर सांगू नये काय?”

ती हसली. तिची आई हसायची तशी, आधी नाकातून. पुतळ्याचं मला कळलं ते तिच्या आईकडूनच. टायपिंगच्या क्लासला म्हणून मुलगी चार महिने शिल्पकाराकडे जाऊन बसत होती आणि आईला ते माहीत होतं; मी नको म्हणेन म्हणून मला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी नको म्हटलंच असतं, कशासाठी ते मलाही माहीत नाही. पुतळा उभा राहिला त्या दिवशी दोघी या गावाला येऊन बघून गेल्या. रात्री जेवताना बायको म्हणाली, “हिचा पुतळा बघून आलो.” मी म्हटलं, “कुणाचा?” “हिचा. ती बसलेली मुलगी. तुम्हीच घासलाय की.” माझ्या हातातला घास हातातच राहिला. बायको माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, “भुवई छान झालीय.” मुलीने उठून माझ्या पेल्यात पाणी ओतलं, पेला भरलेला असताना. पाणी वरून सांडलं, ते तिने पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात माझ्या हातावर एक क्षण राहिला. मी तो हात काढून घेतला. मला वाटलं ती मला माफ करतेय, वण पुसल्याबद्दल. आता, बसस्थानकाबाहेर, न फिरणाऱ्या कड्यापुढे कळत होतं की तिला वाटलं होतं मी माफी मागितली आणि तिने ती घेतली. एकाच हातावरच्या एकाच हाताचे आम्ही दोघांनी दोन अर्थ लावले आणि एकतीस वर्षं सुखाने नांदलो. तेव्हापासून ती माझ्याशी मऊ वागत आली. तापात माझ्या उशाशी बसली, आईच्या शेवटच्या दिवसांत मला झोपायला पाठवून स्वतः जागली, आणि आता गावोगाव मला पुतळे दाखवत फिरवत होती. हे सगळं त्या उंच माणसाचं होतं. मी नुसता त्याच्या पत्त्यावर राहत होतो.

सांगावं का? क्रमांक पाच ते क्रमांक सहा अंतर दहा मिनिटांचं होतं, आणि ती दहा मिनिटं मी हाच एक प्रश्न उजव्या पायाने विचारत आणि डाव्या पायाने टाळत चाललो. सांगितलं नाही तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती हे वाक्य आणखी वीस वर्षं सांगेल, मी गेल्यावर तर जास्तच. सांगितलं तर तिच्याजवळ होती ती एकुलती एक माफीही मी काढून घेणार. रेघ काढली तशी. पण मग डोक्यात दुसरंच येत होतं. परक्या माणसाचा चेहराही चार दिवस वितीवरून बघितला तर गर्दीत ओळखू येतो. भाजीवाल्याची मुलगी मला ओळखू आली असती. मुकादमाची सासू ओळखू आली असती. हा एकच चेहरा आला नाही, कारण त्या ताटलीच्या दिवसापासून मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मी तिच्या खांद्याशी बोलायचो. वेणीशी बोलायचो. परीक्षेला निघाली की तिच्या दप्तराला ‘नीट लिही’ म्हणून सांगायचो. चौदा वर्षं एका घरात, दोन खोल्यांत, एका आरशात, मी तिच्या भुवईला अशी बगल देत आलो होतो की जवळजवळ कौशल्यच म्हणावं. आवाज ओळखायचो, पाऊल ओळखायचो, गल्लीत खोकली तरी ओळखायचो. चेहरा माझ्यापाशी नव्हता. तो शिल्पकाराने मातीत बघून बघून काढला, तुटलेल्या भुवईसकट, काही न लपवता, आणि माझ्यासमोर आणून ठेवला, की हा घे, आणि मी म्हणालो की साच्याला तडा गेलाय.

क्रमांक सहा टपाल कचेरीच्या भिंतीवर फुटक्या टाइलांचं एक झाड होतं. गृहस्थांनी पहिल्यांदाच उपयोगाबद्दल विचारलं नाही, ते झाडापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या न्हाणीघरात याच निळ्या होत्या.” मग छत्री काखेत मारून, “येतो. घरी वाट बघत असतील,” असं म्हणून निघून गेले. त्यांच्या चालण्यावरून घरी कुणी वाट बघत असेल असं वाटत नव्हतं. नकाशाबाईंनी त्यांच्या पाठीला नमस्कार केला.

क्रमांक सात म्हणजे पाण्याच्या टाकीवर रंगवलेले हात. टाकीभोवती खालून वर, एकात एक गुंतलेले शंभरेक हात. बाई म्हणाल्या की इथे आपली फेरी संपते, प्रश्न असतील तर विचारा, मग माझ्या मुलीचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “पुढच्या वेळेपासून ही गोष्ट सांगेन हं मी. लोकांना फार आवडेल. बापाने अशी माफी मागावी!” आणि नकाशाची घडी घालत वाचनालयाकडे वळल्या. आम्ही टाकीखालच्या बाकावर बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मुलीने बाटली उघडली, प्यायली, मला दिली.

“सांगू दे ना त्यांना?” ती म्हणाली. “तुमची काही हरकत नाही ना?”

“ठिणगे,” मी म्हणालो. तिला मी लहानपणी असं म्हणायचो, ती सहा वर्षांची होईपर्यंत. ती वळली. मी टाकीवरच्या एका हिरव्या हाताकडे बघत बोललो. “मी तुला ओळखलं नव्हतं.”

“कधी?”

“घासताना. तू आहेस हे मला माहीत नव्हतं. ओतकामात बिघाड झालाय असं समजून काढली मी ती रेघ.”

ती बाटलीचं झाकण लावत होती. ते आट्यांवर तिरकं बसलं. काढून पुन्हा लावलं, पुन्हा तिरकं बसलं. दिवसभरात चाळीस लोकांच्या शिरेत पहिल्या फटक्यात सुई घालणारी बाई ती.

“म्हणजे माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“पण मग त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.”

“तेव्हा कळलं.”

“हं.” झाकण एकदाचं बसलं. ती ते पिळत राहिली, बसल्यावरही. “मी सगळ्यांना सांगितलंय हो, बाबा. लॅबमधल्या मुलींना सांगितलंय. यांना सांगितलं, लग्नाआधी. यांनी विचारलं होतं, वडील कसे आहेत तुमचे, तर मी हेच सांगितलं.”

मी म्हणालो, “ताटली मी फेकली होती.” हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं घासत होतो आणि तोंडातून बाहेर पडलं ते सगळ्या फुटकुळ्यांसकट, भलत्याच वरच्या आवाजात. “चुकलं माझं. तेव्हाच सांगायला…”

“थांबा.” तिने माझ्या मांडीवर हात ठेवला, रक्त घेताना पेशंटला गप्प करतात तसा. “आज नको. एका दिवसात एक घेऊन दुसरं देऊ नका. मला नाही जमणार ते.”

टाकीमागून एक मोटार गेली, मग दुसरी गेली. ती समोर बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिने विचारलं, “घासताना डोकं उलटं असतं ना? वाळूच्या पोत्यावर? आई सांगायची.”

तिने हे सावकाश विचारलं, एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायला हात द्यावा तसं. मी चार दिवसांपैकी प्रत्येक दिवस एकदा बघितला.

“हो,” मी म्हणालो. “उलटंच असतं.”

“मग कसं ओळखणार.” तिने मान हलवली, पुन्हा हलवली. “उलटं डोकं कुणाचं ओळखू येतं? आरशात आपलंसुद्धा येणार नाही.”

“नाहीच येत.”

ती उठायला लागली, पिशवी खांद्याला लावली आणि माझा कोपर धरायला म्हणून माझ्याकडे वळून वाकली. तिचा चेहरा माझ्यासमोर एका वितीवर आला आणि मी या खेपेला कुठेही बगल दिली नाही. वण बघितला. तो मला आठवत होता त्याहून लहान होता, आणि फिका. भुवईचं तुटलेलं अलीकडचं टोक बघितलं, पलीकडचं बघितलं.

“काय बघताय एवढं?”

“भुवईत पांढरे केस आलेत तुझ्या,” मी म्हणालो. “दोन.”

“दोन?” ती म्हणाली. “बाबा, दहा वर्षं झाली.”